सावध माणसांची लोकशाही

१२ सप्टेंबर १९३२. बर्लिनच्या राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, नव्या सभागृहाचे कामकाज जेमतेम सुरू होत होते. कम्युनिस्ट पक्षाच्या एर्न्स्ट टोर्गलर यांनी चान्सलर फ्रान्झ फॉन पापेन यांच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला. एका सदस्यानेही हरकत घेतली असती तर तो त्या दिवशी मतदानाला आला नसता. हरकत कुणीच घेतली नाही. अर्ध्या तासाची तहकुबी झाली. तेवढ्यात पापेन यांनी माणूस पिटाळून विसर्जनाचा हुकूम मागवला आणि लाल फाइल हातात घेऊन ते सभागृहात परतले. अध्यक्षाच्या खुर्चीवर नाझी पक्षाचे हेर्मान ग्योरिंग होते. पापेन बोलण्याची परवानगी मागत होते आणि ग्योरिंग दुसरीकडे बघत मतदान पुकारत होते. अखेर पापेन यांनी तो कागद अध्यक्षांच्या मेजावर ठेवला आणि मंत्र्यांसह ते बाहेर पडले. मते मोजली गेली : सरकारविरुद्ध ५१२, बाजूने ४२.

या ५१२ जणांत नाझी होते आणि कम्युनिस्टही होते. बर्लिनच्या गल्ल्यांत एकमेकांची डोकी फोडणारे दोन पक्ष सभागृहात एका बाजूने मत टाकत होते. पापेन नकोत, यावर जवळजवळ सगळ्यांचे एकमत. मग कोण, यावर कुणाचेच नाही. विसर्जनाचा हुकूम लागू झाला, नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला.

हे पुस्तक १९४५ नंतरच्या जर्मनीबद्दल आहे. मग सुरुवात १९३२ ची कशासाठी? कारण महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे राज्य ज्यांनी उभारले त्यांच्या डोळ्यांपुढून ते सभागृह कधी हललेच नाही. जनतेवर अपार श्रद्धा ठेवून घटना लिहिणारे लोक जगात पुष्कळ झाले. बॉनमध्ये जमलेले लोक तसे नव्हते. जनतेला, संसदेला, राष्ट्राध्यक्षाला आणि बहुमतालाही मोकाट सोडायचे नाही, एवढे त्यांचे पक्के ठरले होते. लोकशाहीवरचा विश्वास मागाहून आला. तो कलमांनी आणला नाही. वेळोवेळी उद्भवलेल्या, बहुधा कटकटीच्या आणि कधीकधी लाजिरवाण्या प्रसंगांनी आणला. पुढच्या सगळ्या प्रकरणांतून मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि म्हणून या पुस्तकात कायद्यापेक्षा प्रसंगांना जास्त जागा मिळाली आहे.

१ जुलै १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या लष्करी गव्हर्नरांनी पश्चिमेकडील ११ राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना फ्रँकफर्टमध्ये बोलावून घटना तयार करण्याचे कागद हाती दिले. मुख्यमंत्र्यांना आनंद झाला नाही. पश्चिमेची वेगळी घटना म्हणजे फाळणीवर स्वतःच्या हाताने शिक्का, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी कामचलाऊ व्यवस्था हवी असा आग्रह धरला आणि जे तयार झाले त्याला राज्यघटना न म्हणता मूलभूत कायदा म्हटले. १ सप्टेंबरला बॉनमधल्या एका प्राणिशास्त्र संग्रहालयात, म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या म्युझियममध्ये, संसदीय परिषदेचे उद्घाटन झाले. मतदानाचा अधिकार असलेले सदस्य ६५, त्यांत स्त्रिया चार. अध्यक्ष कोनराड आडेनाउअर, पण खरे काम मुख्य समितीत चालले आणि तिचे अध्यक्ष होते समाजवादी पक्षाचे कार्लो श्मिड. बर्लिनहून आलेले प्रतिनिधी मतदानाविना बसत. त्यांत राइशस्टागचे एके काळचे अध्यक्ष पाउल ल्योबे होते. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ल्योबे यांनी मत दिले होते. त्याच परिषदेतले उदारमतवादी थिओडोर हॉइस यांनी त्या दिवशी बाजूने मत दिले होते. हे हॉइस पुढे नव्या राज्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. चुकलेले आणि न चुकलेले एकाच मेजाभोवती बसले होते आणि सावधपणा दोघांकडेही सारखाच होता.

वायमारच्या, म्हणजे हिटलरपूर्व प्रजासत्ताकाच्या, घटनेने राष्ट्राध्यक्षाला थेट जनतेकडून निवडून आणून आणीबाणीचे हुकूम काढण्याचा अधिकार दिला होता. बॉनने त्याला जवळजवळ शोभेचा केला आणि त्याची निवडणूक जनतेकडून काढून घेतली. केंद्रीय पातळीवरचे सार्वमत जवळपास हद्दपार झाले. चान्सलरला पाडायचे तर आधी बहुमताने दुसरा चान्सलर निवडून दाखवा, अशी अट ६७ व्या कलमाने घातली. नुसते ‘हा नको’ म्हणून चालणार नाही. ‘तो हवा’ हेही त्याच मतपत्रिकेवर सांगावे लागेल. माणसाच्या प्रतिष्ठेचे पहिले कलम आणि लोकशाही, संघराज्य, कायद्याचे राज्य यांची तत्त्वे सांगणारे विसावे कलम, यांतला गाभा दोन-तृतीयांशच काय, शंभर टक्के बहुमतानेही हलवता येणार नाही, असे ७९ व्या कलमाने बजावले. लोकशाही मोडू पाहणाऱ्या पक्षावर बंदीची सोय झाली, पण ती बंदी सरकारने घालायची नाही, न्यायालयाने घालायची. मतांची पाच टक्क्यांची किमान मर्यादा निवडणूक कायद्यातून आली; १९४९ मध्ये ती राज्यवार होती, १९५३ पासून देशभरासाठी झाली. ८ मे १९४९ रोजी, शरणागतीला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना, ५३ विरुद्ध १२ मतांनी मसुदा मंजूर झाला. बव्हेरियाच्या विधिमंडळाने तो फेटाळला आणि तरीही तो आपल्याला लागू राहील हे मान्य केले. बव्हेरियन राजकारणाचा स्वभाव समजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

या कामात एक भांडण असे झाले की त्याने पुढची दिशा दाखवली. कासेलच्या वकील एलिझाबेथ झेल्बर्ट यांनी ‘पुरुष आणि स्त्रिया यांना समान हक्क आहेत’ एवढे साधे वाक्य मांडले. समितीत ते पडले. कारण उघड होते : तसे झाले तर नवऱ्याला घरातला अखेरचा शब्द देणारा नागरी कायदा कोसळला असता. झेल्बर्ट यांनी देशभर फिरून स्त्रियांच्या संघटनांना जागे केले, निषेधाची पत्रे ढिगाने बॉनला येऊन पडली आणि १८ जानेवारी १९४९ रोजी मुख्य समितीने वाक्य स्वीकारले. कायदे बदलायला संसदेला ३१ मार्च १९५३ ची मुदत दिली होती. संसदेने ती खुशाल उलटू दिली. मुलांच्या बाबतीत बापाचा शब्द अखेरचा, हा नियम १९५९ मध्ये घटना न्यायालयाने रद्द केला. घरकाम सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी, हे कायद्यातले कलम जायला १९७७ उजाडले. वाक्य आणि वास्तव यांच्यात जवळपास तीस वर्षे गेली.

आता अप्रिय भाग. आडेनाउअर १५ सप्टेंबर १९४९ रोजी ७३ व्या वर्षी चान्सलर झाले, हवी तेवढीच २०२ मते मिळवून. त्यांतले एक त्यांचे स्वतःचे होते. १४ वर्षे ते टिकले. पश्चिमेशी नाते, फ्रान्सशी समेट, इस्रायलला ३०० कोटी मार्कांची भरपाई ही त्यांची कामे मोठी आहेत. त्या भरपाईच्या करारासाठी स्वतःच्या आघाडीची पुरेशी मते त्यांना मिळाली नाहीत. मार्च १९५३ मध्ये विरोधी समाजवाद्यांच्या एकगठ्ठा पाठिंब्यावर तो मंजूर झाला. पण त्यांच्या चान्सलर कार्यालयाचे प्रमुख होते हान्स ग्लोब्के. ज्यूंचे नागरिकत्व हिरावणाऱ्या न्यूरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक. न्याय मंत्रालयाने स्वतः नेमलेल्या इतिहासकारांचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५७ मध्ये तिथले ७७ टक्के वरिष्ठ अधिकारी एके काळचे नाझी पक्ष सदस्य होते, असे त्यात निघाले. जुन्या अधिकाऱ्यांना गप्प राहण्याच्या बदल्यात सामावून घेतल्यामुळेच हे राज्य स्थिरावले, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. ते चूक आहेत असे मला म्हणता येत नाही. पण त्या स्थैर्याची किंमत कुणी चुकती केली, हे त्यांच्या हिशेबात सहसा येत नाही. नाझींनी कडक केलेले समलैंगिकताविरोधी कलम १७५ तसेच्या तसे ठेवले गेले, घटना न्यायालयाने १९५७ मध्ये ते वैध ठरवले आणि १९६९ पर्यंत सुमारे ५० हजार पुरुषांना त्याखाली शिक्षा झाल्या. माणसाच्या प्रतिष्ठेचे पहिले कलम तेव्हाही तिथेच होते. हेसेनचे सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांच्या चिकाटीने डिसेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टला आउश्वित्झ खटला उभा राहिला, तेव्हा कुठे घराघरांतल्या तरुण मुलांनी बापाला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

त्याच्या वर्षभर आधी एक प्रसंग घडला होता, आणि जर्मन लोकशाहीचा वाढदिवस मला विचाराल तर मी मे १९४९ ऐवजी ऑक्टोबर १९६२ सांगेन. ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाने सैन्याच्या तयारीतल्या उणिवा मांडणारा लेख छापला. २६ ऑक्टोबरच्या रात्री हॅम्बुर्गच्या कचेरीवर पोलिसांनी धाड घातली. संपादक रुडोल्फ आउगस्टाइन यांना अटक झाली आणि ते १०३ दिवस तुरुंगात राहिले. लेखक कोनराड आलर्स सुट्टीवर स्पेनमध्ये होते. संरक्षणमंत्री फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांनी तिथल्या आपल्या लष्करी प्रतिनिधीला फोन करून त्यांना फ्रँकोच्या पोलिसांकरवी धरवले आणि संसदेत मात्र आपला याच्याशी संबंध नाही असे सांगितले. आडेनाउअर सभागृहात देशद्रोहाची भाषा करत होते. दहा वर्षांपूर्वी हे पचले असते. या वेळी विद्यार्थी रस्त्यावर आले, प्राध्यापकांनी पत्रके काढली, इतर वृत्तपत्रांनी ‘श्पीगल’ला आपल्या कचेऱ्यांत जागा दिली आणि आघाडीतल्या फ्री डेमोक्रॅट मंत्र्यांनी राजीनामे दिले. श्ट्राउस गेले. आडेनाउअर यांना पुढच्या वर्षी पद सोडण्याचे कबूल करावे लागले. देशद्रोहाचा आरोप न्यायालयात टिकला नाही. सरकार म्हणजे राज्य नव्हे, ही गोष्ट जर्मन मध्यमवर्ग त्या हिवाळ्यात शिकला.

६७ व्या कलमाची कसोटी १९७२ मध्ये लागली. समाजवादी चान्सलर विली ब्रांट पूर्वेकडील कम्युनिस्ट देशांशी करार करत होते. डिसेंबर १९७० मध्ये वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे ते गुडघ्यांवर बसले होते आणि देशातल्या अनेकांना ते रुचले नव्हते. आपल्याकडे आमदार-खासदार फुटतात तसे त्यांच्या आघाडीतलेही फुटू लागले आणि विरोधी नेते राइनर बार्त्सेल यांच्याकडे कागदावर बहुमत जमले. २७ एप्रिलला मतदान होते. कारखान्यांतून कामगार ब्रांट यांच्यासाठी बाहेर पडले होते. गुप्त मतदानात आपले कुणी फितूर होऊ नये म्हणून सत्ताधारी सदस्यांना जागेवरच बसून राहायला सांगितले होते. बार्त्सेल यांना २४९ मते हवी होती. मिळाली २४७.

ती दोन मते कुठे गेली? वर्षभराने ख्रिश्चन डेमोक्रॅट खासदार युलियस श्टाइनर यांनी ५० हजार मार्क घेऊन आपण तटस्थ राहिल्याची कबुली दिली. पैसा पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याचा होता, हे पुढे त्या खात्याकडूनच बाहेर आले. म्हणजे पश्चिमेच्या लोकशाहीतला सर्वांत लोकप्रिय चान्सलर पूर्वेच्या हुकूमशाहीच्या लाचेवर वाचला. आणि दोन वर्षांनी त्याच खात्याचा हेर गुंटर गियोम ब्रांट यांच्या कार्यालयात सापडला, म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला. कादंबरीकाराने हे रचले असते तर संपादकाने कापले असते. मधल्या काळात, नोव्हेंबर १९७२ च्या मुदतपूर्व निवडणुकीत, ९१.१ टक्के लोकांनी मतदान केले आणि ब्रांट यांचा पक्ष प्रथमच सर्वांत मोठा ठरला. लाचेने वाचलेल्या सरकारला मतपेटीने मान्यता दिली.

हे कलम यशस्वी झाले ते फक्त एकदा. १ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्री डेमोक्रॅटांनी बाजू बदलली आणि चान्सलर हेल्मुट श्मिट यांच्या जागी २५६ मतांनी हेल्मुट कोल आले. फ्री डेमोक्रॅटांच्याच हिल्डेगार्ड हाम-ब्र्युशर यांनी भर सभागृहात याला विरोध केला : मतदारांना न विचारता सरकार बदलणे घटनेत बसत असेल, पण त्याला नैतिक वजन नाही. कोल यांनाही ते जाणवले असावे. संसदेला स्वतःचे विसर्जन करता येत नाही, म्हणून बहुमत असलेल्या चान्सलरने मुद्दाम विश्वासमत हरायचे, अशी युक्ती त्यांनी केली. घटना न्यायालयाने कुरकुरत ती चालवून घेतली. २००५ मध्ये गेरहार्ड श्र्योडर यांनीही तीच वाट धरली.

भारतात १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि पर्याय कुणाकडेच नव्हता, तेव्हा या जर्मन कलमाची आठवण दिल्लीत अनेकांना झाली. न्या. वेंकटचलय्या यांच्या घटना पुनर्विलोकन आयोगाने पर्यायी नेत्याच्या नावासह अविश्वास ठराव आणण्याची शिफारसही केली. ती तशीच राहिली. एक ऋण मात्र आपण खरोखर घेतले आहे. हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिश कोनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात एक व्याख्यान दिले. घटनादुरुस्तीचा अधिकार वापरून संसद मोगल बादशाही परत आणू शकेल काय, असा त्यांचा सवाल होता. वायमारमध्ये घटनेच्याच वाटेने घटना कशी संपवली गेली, हे पाहिलेल्या देशातून तो आला होता. गोलकनाथ खटल्यात एम. के. नंबियार यांनी तो युक्तिवाद न्यायालयापुढे नेला. केशवानंद भारती खटल्यात मुंबईचे नानी पालखीवाला उभे राहिले आणि १९७३ च्या निकालात न्या. खन्ना यांनी कोनराड यांचा आधार घेतला. आपल्या घटनेच्या मूलभूत चौकटीच्या सिद्धान्तात ७९ व्या कलमाचा अंश आहे, तो असा.

राज्यांच्या सभागृहाचे, म्हणजे बुंडेस्राटचे, प्रकरण लांबले आहे. तेवढे ते लांबायलाच हवे होते. तिथे राज्यांची सरकारे बसतात आणि प्रत्येक राज्याला आपली तीन ते सहा मते एकत्रच द्यावी लागतात. २२ मार्च २००२ रोजी स्थलांतर कायद्यावर ब्रांडेनबुर्गच्या एका मंत्र्याने ‘हो’ म्हटले, दुसऱ्याने ‘नाही’. अध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांना पुन्हा विचारून ‘हो’ धरले आणि विरोधी मुख्यमंत्र्यांनी आकाशपाताळ एक केले. त्यांच्यातल्याच पेटर म्युलर यांनी नंतर सांगून टाकले की हा संताप आदल्या दिवशी ठरवून केलेला होता. न्यायालयाने डिसेंबरात तो कायदा रद्द केला. आर्थिक चमत्कारावर मात्र मी थोडेच लिहिले आहे. १९४८ चे नवे चलन, अर्थमंत्री लुडविग एर्हार्ड, कामगारांना कंपन्यांच्या संचालक मंडळात मिळालेली जागा, हे सगळे महत्त्वाचे आहे. पण पोट भरले म्हणून लोकशाही रुजली, हे उत्तर मला फार सोपे वाटते. १९६२ च्या विद्यार्थ्यांची पोटे भरलेलीच होती.

पूर्व जर्मनीबद्दल वेगळे बोलायला हवे. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी लाइप्झिगमध्ये सुमारे ७० हजार लोक सशस्त्र पोलिसांपुढून चालत गेले आणि गोळी सुटली नाही. पश्चिमेला असा दिवस कधीच लाभला नव्हता. तिची लोकशाही विजेत्यांच्या सूचनेवरून सुरू झाली होती. पुढे दोन्ही जर्मनींच्या एकीकरणासाठी दोन मार्ग होते : १४६ व्या कलमाने सगळ्यांनी मिळून नवी घटना करायची किंवा २३ व्या कलमाने पूर्वेने पश्चिमेच्या व्यवस्थेत सामील व्हायचे. घाई होती, मॉस्कोतली खिडकी किती दिवस उघडी राहील याचा भरवसा नव्हता, आणि मार्च १९९० मध्ये पूर्वेच्या मतदारांनीही लवकर एक होण्याच्याच बाजूने कौल दिला. दुसरा मार्ग घेतला गेला. पूर्वेतल्या गोलमेज मंडळींनी केलेला घटनेचा मसुदा नव्या संसदेने बाजूला सारला. ते समजण्यासारखे होते आणि तरी मला ती चूक वाटते. ज्यांनी स्वतःच्या पायांनी हुकूमशाही संपवली त्यांना दुसऱ्याच्या भीतीतून लिहिलेली तयार व्यवस्था हाती मिळाली. त्यांचा स्वतःचा प्रसंग तिच्यात कुठेच नोंदला गेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्युरिंगियात ३२.८ टक्के मते घेऊन एएफडी हा अतिउजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. त्याची कारणे अनेक आहेत, पण त्यांतल्या एका कारणाची मुळे मी १९९० च्या प्रकरणात शोधली आहेत.

या पक्षावर बंदी घालावी का, हा वाद पुस्तक लिहिताना चालूच होता. १९५२ मध्ये एका नवनाझी पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्टांवर बंदी आली. २०१७ मध्ये एनपीडी या दुसऱ्या अतिउजव्या पक्षाची उद्दिष्टे घटनाविरोधी आहेत, पण ती साधण्याइतकी या पक्षाची ताकद नाही, असे सांगून न्यायालयाने बंदी नाकारली. आता प्रश्न उलटा झाला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मते मिळवलेल्या पक्षावर बंदी घालणे म्हणजे प्रत्येक पाचव्या मतदाराला सांगणे की तुझे मत मोजायचे नाही. घटनाकारांनी हत्यार दिले. ते लहान शत्रूवर चालवणे अनावश्यक आणि मोठ्यावर चालवणे धोक्याचे, हा पेच त्यांनी सोडवलेला नाही.

शेवटचे प्रकरण ६ मे २०२५ चे आहे. ख्रिश्चन डेमोक्रॅट फ्रीड्रिश मेर्त्स यांच्या आघाडीकडे ३२८ सदस्य होते, चान्सलर व्हायला ३१६ मते हवी होती आणि पहिल्या फेरीत ३१० पडली. निवडणुकीनंतर ठरलेला चान्सलर पहिल्या फेरीत पडणे युद्धोत्तर जर्मनीत प्रथमच घडले. दुसरी फेरी त्याच दिवशी घ्यायची तर मुदतीचा नियम बाजूला ठेवायला दोन-तृतीयांश मते लागणार होती, आणि ती डाव्या पक्षाशिवाय जमत नव्हती. त्या पक्षाशी सहकार्य करायचे नाही, असा ख्रिश्चन डेमोक्रॅटांचा पक्षीय ठराव होता. दुपारी त्यांच्या नेत्यांनी डाव्यांशी बोलणी केली, चार गटांचा संयुक्त अर्ज सभागृहात आला आणि मेर्त्स ३२५ मतांनी निवडून आले. ठराव अजून कायम आहे.